जुन्या आउटबोर्डच्या मॅग्नेटोसाठी दुरुस्ती-संच: पन्नास तासांच्या वापरानंतरचा अभिप्राय

जॉन्सन आणि एव्हिनरूड या नावांच्या जुन्या आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या, इंजिनांसाठी मिळणारा मॅग्नेटो (फिरत्या चुंबकाच्या जोरावर प्लगसाठी ठिणगी तयार करणारा भाग) दुरुस्तीचा एक संच मी गेल्या वर्षी घेतला, तो स्वतःच्या हाताने बसवला आणि त्यानंतर इंजिन पन्नासेक तास पाण्यात चालवून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. संचात दोन इग्निशन कॉइल, पॉइंटच्या (कॉइलमधला प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांच्या) दोन जोड्या, दोन कंडेन्सर, प्लगच्या तारेचे दोन तुकडे आणि त्या तारांच्या टोकांना बसवायच्या रबरी टोप्या असतात. हा मूळ कारखान्याचा माल नव्हे. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने तो जुन्या मापांबरहुकूम तयार केला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. कॉइलसाठी हा संच जरूर घ्यावा. कंडेन्सर आणि पॉइंट मात्र मीटरवर तपासल्याशिवाय इंजिनात जाऊ देऊ नयेत, आणि इंजिनातून निघालेले जुने कंडेन्सर व पॉइंट काम पूर्ण होईपर्यंत फेकून तर मुळीच देऊ नयेत.

माझे इंजिन १९५७ सालचे, दोन सिलिंडरांचे, १० अश्वशक्तीचे जॉन्सन आहे. थंड असताना ते दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होई आणि दहा-पंधरा मिनिटे उत्तम चाले. मग आवाज बदले, वेग निम्म्यावर येई आणि थ्रॉटल कमी केला की इंजिन बंद पडे. पुन्हा दोरी ओढून उपयोग नसे. अर्धा-पाऊण तास थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात ते परत सुरू होई. अशा वेळी बहुतेक जण आधी कार्बुरेटर उघडतात आणि मीही तेच केले. जेट स्वच्छ होते, फ्लोट ठीक होता, इंधनाचा पुरवठा नीट होता आणि दोन्ही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा होता. गरम झाल्यावर जाणारे आणि गार झाल्यावर परत येणारे दुखणे बहुधा कॉइलचे असते, हे लक्षात यायला मला दोन आठवडे लागले.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. दोन्ही प्लग काढावेत, प्लगच्या तारांना ठिणगी तपासण्याचे साधन लावावे, ते इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट पकडवावे आणि दोरी जोरात ओढावी. या जातीच्या मॅग्नेटोने ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पाव इंचाच्या, फटीवरून निळी, टच् असा आवाज करणारी ठिणगी टाकायला हवी. प्लग नुसता सिलिंडरच्या डोक्यावर टेकवून पाहिलेली ठिणगी फसवते, कारण उघड्या हवेत एवढीशी फट ओलांडायला लागणारा विद्युत दाब सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात पुरत नाही. ही तपासणी इंधनाच्या टाकीपासून आणि प्लगच्या उघड्या भोकांपासून दूर करावी, आणि तारा मोकळ्या लोंबत ठेवून दोरी कधीही ओढू नये. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतच वाट शोधते आणि चांगली कॉइलही निकामी होते. माझ्या इंजिनाच्या वरच्या सिलिंडरची ठिणगी निळी होती. खालच्या सिलिंडरची पिवळसर होती आणि तीन ओढींपैकी एकदाच उडत होती.

इतक्या जुन्या इंजिनाचे भाग आजही मिळतात याचे कारण त्या मॅग्नेटोच्या रचनेत आहे. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिल्वॉकी येथे आउटबोर्ड इंजिने विकायला सुरुवात केली आणि जॉन्सन बंधूंची इंजिने १९२०च्या दशकात आली. पुढे ही दोन्ही नावे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या एकाच कंपनीच्या छत्राखाली गेली. त्या कंपनीने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३ अश्वशक्तीपासून ४० अश्वशक्तीपर्यंतच्या कितीतरी इंजिनांत जवळजवळ एकच मॅग्नेटो वापरला. कॉइल तीच, पॉइंट तेच, कंडेन्सर तेच. मूळ कंपनी २०००च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, तरी त्या रचनेची असंख्य इंजिने आजही चालू असल्यामुळे भाग बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक आहे. कॉइलचा क्रमांक ५८२९९५, पॉइंटचा ५८०१४८ आणि कंडेन्सरचा ५८०३२१ हे मूळ क्रमांक अजूनही चालतात. संच मागवताना आपल्या इंजिनाच्या सालापेक्षा या क्रमांकांवर भिस्त ठेवावी.

मॅग्नेटो फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर फिरणाऱ्या जड चाकाच्या, खाली असतो, म्हणून पहिले काम फ्लायव्हील काढण्याचे. मधला नट सुटला तरी फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते. ते काढायला फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेल्या, आट्या पाडलेल्या तीन भोकांत बोल्ट घालून ओढणारा पुलरच वापरावा. कडेला पकडणारा, नख्यांचा पुलर लावला तर फ्लायव्हील वाकते आणि आतली चुंबके निखळण्याचा धोका असतो. पुलरचा मधला बोल्ट ताणून आवळावा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका ठोका द्यावा, की फ्लायव्हील ठण्ण असा आवाज करून सुटते. नट पूर्ण काढून न टाकता आट्यांच्या टोकाशी ठेवला तर शाफ्टच्या आट्या वाचतात आणि सुटलेले फ्लायव्हील उसळून पायावरही येत नाही.

फ्लायव्हील उचलल्यावर जे दिसले त्याने निदान पक्के झाले. खालच्या सिलिंडरच्या कॉइलचे आवरण सर्व बाजूंनी तडकलेले होते. केसाइतक्या बारीक भेगा नव्हत्या. नख घातले तर नख अडकेल एवढ्या रुंद होत्या, आणि एका भेगेच्या कडेला ठिणगी लोखंडी गाभ्याकडे पळाल्याची काळी, नागमोडी रेघ उमटली होती. वरच्या सिलिंडरची कॉइल अजून काम करत होती, पण तिच्यावरही दोन भेगा पडल्या होत्या. यात कारखान्याचा दोष काढण्याचे कारण नाही. साठ-पासष्ट वर्षे उष्णता, तेलाची वाफ आणि ओल सोसल्यावर त्या काळचे आवरण असेच होते, आणि १९५०च्या दशकातल्या मूळ कॉइल ज्या इंजिनात अजून बसलेल्या आहेत त्या बहुतेक इंजिनांत हेच चित्र दिसेल.

हा मॅग्नेटो कसा चालतो हे समजून घेतल्याशिवाय संचातल्या कोणत्या भागाला किती महत्त्व द्यायचे हे ठरवता येत नाही. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असते. ते फिरत कॉइलच्या पत्र्यांच्या गाभ्यावरून गेले की गाभ्यातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहाची दिशा झपाट्याने उलटते आणि कॉइलच्या जाड तारेच्या, थोड्या वेढ्यांच्या पहिल्या गुंडाळीत विद्युतप्रवाह सुरू होतो, कारण त्या क्षणी पॉइंट मिटलेले असल्याने तिचे मंडल पूर्ण असते. प्रवाह जोरावर असताना क्रँकशाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, गाभ्यातले चुंबकत्व कोसळते आणि त्या कोसळण्यामुळे बारीक तारेच्या, हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी उडते. पॉइंट उघडताना प्रवाह त्यांच्याच फटीतून पुढे धावू पाहतो. तो तिथे जळत राहू नये म्हणून कंडेन्सर त्याला क्षणभर आत घेतो. कंडेन्सर नसेल किंवा गळका असेल, तर प्रवाह तुटण्याऐवजी रेंगाळतो, पॉइंट काळे पडतात आणि ठिणगी पिवळी होते. माझ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल, स्वतःचे पॉइंट आणि स्वतःचा कंडेन्सर आहे. दोन्ही जोड्या एकमेकींच्या समोर बसवलेल्या असून प्रत्येक जोडी दर फेऱ्याला एकदा ठिणगी देते. याचा दुरुस्तीत मोठा फायदा होतो, कारण शंका आली तर वरच्या सिलिंडरचा भाग खालच्याला लावून पाहता येतो.

आता संचाकडे वळतो. त्यातल्या कॉइल अव्वल दर्जाच्या आहेत, असे मी निःसंकोच म्हणेन. आवरण एकसंध आणि गुळगुळीत आहे, गाभ्याचे पत्रे घट्ट दाबलेले आहेत, स्क्रूची भोके मूळ जागांशी तंतोतंत जुळतात आणि तारांना पुरेशी लांबी ठेवलेली आहे. मीटरवर दोन्हींच्या पहिल्या गुंडाळीचा रोध जवळपास सारखा भरला आणि दुसऱ्या गुंडाळीतही दोघींत नाव घ्यावा असा फरक नव्हता. मात्र रोध बरोबर आला म्हणजे कॉइल चांगली, असा निष्कर्ष काढू नये. मीटरची बॅटरी काही व्होल्टची असते आणि कॉइलला सोसायचे असतात हजारो व्होल्ट. माझ्या तडकलेल्या जुन्या कॉइलचा रोधही मीटरवर अगदी निर्दोष होता! म्हणून भेगा पडलेली कॉइल मीटर काहीही सांगो, बदलूनच टाकावी, आणि एक बदलताना दुसरीही बदलावी, कारण तेवढ्यासाठी फ्लायव्हील पुन्हा काढावे लागते.

कंडेन्सरच्या बाबतीत माझा अनुभव तितका चांगला नाही. या कंडेन्सरची धारकता ०.१८ ते ०.२२ मायक्रोफॅरडच्या दरम्यान असायला हवी. संचातला एक ०.२१ भरला. दुसऱ्याने ०.२९ दाखवले. आकडा जास्त म्हणजे कंडेन्सर अधिक दमदार, असे वाटण्याची शक्यता आहे, पण तसे नसते. गळका कंडेन्सर मीटरला अनेकदा जास्तच धारकता दाखवतो. ओहमच्या पट्ट्यावर लावल्यावर चांगल्या कंडेन्सरचा आकडा वाढत वाढत मोजमापाबाहेर जातो. या कंडेन्सरचा आकडा काही लाख ओहमांवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. याचा अर्थ त्याच्या आतून प्रवाह झिरपत होता. हाच कंडेन्सर न तपासता बसवला असता, तर नवीन कॉइल असूनही ठिणगी कमकुवत आली असती आणि मी कॉइललाच दोष देत बसलो असतो. इंजिनातून काढलेले मूळ कंडेन्सर मोजले तेव्हा एक ०.२० आणि दुसरा ०.१९ भरला, आणि दोन्ही गळतीच्या तपासणीत स्वच्छ निघाले. मी तेच परत बसवले. विकणाऱ्याने तक्रार केल्यावर बदली कंडेन्सर विनातक्रार पाठवला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. तो ०.२० भरला आणि आता सुटा भाग म्हणून माझ्या पेटीत आहे.

नवीन पॉइंटबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, त्यांच्या टेकणाऱ्या पृष्ठांवर साठवणुकीसाठी लावलेला एक अतिपातळ थर असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. मिटलेल्या पॉइंटवर मीटर लावले तेव्हा जवळजवळ शून्य यायला हवे तिथे आकडा डळमळत होता. न भुरभुरणाऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढली, तर तिच्यावर करड्या रंगाची स्पष्ट रेघ उमटली. पाचव्या पट्टीवर रेघ उमटणे थांबले आणि मीटरही शून्याला टेकले. हा थर इतका साधा आणि त्याचा परिणाम इतका पूर्ण असतो, की ‘नवे पॉइंट टाकूनही ठिणगीच नाही’ अशा तक्रारींचे मूळ कित्येकदा तिथेच सापडते. दुसरी गोष्ट अशी, की एका जोडीची दोन्ही पृष्ठे समोरासमोर नीट टेकत नव्हती. एक जरा तिरपे होते आणि फक्त कडेने स्पर्श करत होते. अशा वेळी हलणाऱ्या भुजेला हात लावू नये, स्थिर बाजूची पट्टी पकडीने अगदी हलकेच वाकवावी. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते करावे लागू नये अशी माझी अपेक्षा होती. कॅमवर घासणारा ठोकळा आणि स्प्रिंगचा ताण मात्र दोन्ही जोड्यांत चांगला होता, म्हणून मी नवीन पॉइंट ठेवले आणि जुने जपून ठेवले.

प्लगच्या तारा ७ मिलिमीटर जाडीच्या आणि तांब्याच्या गाभ्याच्या आहेत, आणि तशाच हव्यात. मोटारगाड्यांसाठी मिळणारी कार्बनच्या गाभ्याची तार या मॅग्नेटोला चालत नाही. कॉइलच्या पोटात एक अणकुचीदार खिळा असतो आणि तार त्याच्यावर सरळ दाबून बसवायची असते, कार्बनच्या तारेत त्याला पकडच मिळत नाही. तार मॅग्नेटोच्या प्लेटच्या (जिच्यावर कॉइल आणि पॉइंट बसतात तिच्या) भोकातून वर घेऊन आधी कॉइलमध्ये बसवावी, तोंडाशी थोडे सिलिकॉन ग्रीस भरावे आणि मगच कॉइल स्क्रूने बसवावी. रबरी टोप्या सुबक आहेत, पण त्यांच्यातल्या स्प्रिंगा प्लगवर सैल बसतात. मी जुन्या टोप्यांतल्या स्प्रिंगा काढून घासून वापरल्या.

संचाची सगळ्यात मोठी उणीव भागांत नसून सोबतच्या माहितीपत्रकात आहे. त्या एका पानावर तारांची जोडणी दाखवली आहे, पॉइंटची फट दिली आहे, पण कॉइल नेमकी कुठे बसवायची याबद्दल अवाक्षर नाही. कॉइलच्या स्क्रूची भोके थोडी मोठी असतात, त्यामुळे कॉइल आत-बाहेर किंचित सरकते. ती आत राहिली तर चुंबक आणि गाभा यांच्यातले अंतर वाढून ठिणगी मंदावते. बाहेर आली तर फ्लायव्हील तिच्यावर घासते आणि पहिल्याच ओढीत नवीन कॉइलचा गाभा खरवडला जातो. प्लेटवर कॉइल जिथे टेकते तिथे यंत्राने कापलेले उंचवटे असतात. गाभ्याच्या टोकांची बाहेरची कड आणि त्या उंचवट्यांची बाहेरची कड एका रेषेत यायला हवी. मी स्क्रू अर्धवट आवळून, बोटाचे टोक दोन्ही कडांवरून फिरवत, पायरी जाणवेनाशी होईपर्यंत कॉइल सरकवली, मग लहान सरळपट्टी टेकवून खात्री केली आणि स्क्रू पुरते आवळले. बोटाला केसाच्या जाडीची पायरीही कळते, त्यामुळे या कामाला महागड्या साधनाची गरज नाही. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही त्याला मात्र ही माहिती पत्रकातूनच मिळायला हवी होती.

कॉइलच्या स्क्रूंपैकीच एकाखाली तिच्या अर्थच्या, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडणाऱ्या, तारेची चकती येते. ती जागा काचकागदाने घासून उजळ करावी. अॅल्युमिनियमवरचा पांढरा गंज किंवा जुन्या ग्रीसचा थर राहिला, तर सगळे भाग नवे असूनही मंडल अपुरे राहते. तारा बसवताना आणखी एक भान ठेवावे लागते. या इंजिनांत थ्रॉटल फिरवला की मॅग्नेटोची संपूर्ण प्लेटच फिरते आणि ठिणगीची वेळ पुढे-मागे होते. याचा अर्थ खालून येणाऱ्या तारा दर वेळी वाकतात. त्यांना ढील हवी, पण ती ढील फ्लायव्हीलला किंवा कॅमला लागता कामा नये. माझ्या जुन्या तारांचे आवरण नेमके त्या वाकणाऱ्या जागी भुगा होऊन गळून पडले होते. तारा बसवून झाल्यावर मी प्लेट या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवून प्रत्येक तार कुठे जाते ते पाहिले.

पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत २० थाऊ किंवा साधारण अर्धा मिलिमीटर. कॅमचा उंच भाग ठोकळ्याखाली आणून, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना ती मोजावी. फीलर गेजचे पाते हलका अडथळा जाणवत आत-बाहेर व्हावे; २० चे जाते आणि २२ चे जात नाही, एवढी कसोटी पुरे. पक्का करणारा स्क्रू आवळताना फट हमखास एक-दोन थाऊंनी बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजावी. मला प्रत्येक जोडीसाठी तीन-चार वेळा परत जावे लागले आणि ते वेळेचे चीज झाले. फट जास्त ठेवली तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी वेळेआधी पडते, कमी ठेवली तर उशिरा. दोन सिलिंडरांच्या फटी वेगवेगळ्या असतील, तर एक सिलिंडर पुढे ओढतो आणि दुसरा मागे राहतो, आणि मंद गतीत इंजिन थरथरते. फट सगळीकडे लावूनही दर फेऱ्याला बदलत असेल, तर क्रँकशाफ्टच्या वरच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे असे समजावे. त्यावर कोणताही संच उपाय नाही. पॉइंटवर पुन्हा पुन्हा तेल येत असेल, तर शाफ्टचे वरचे सील गेलेले असते. कॅम काढला असेल तर त्याच्यावर ‘टॉप’ अशी अक्षरे असलेली बाजू वर ठेवावी आणि कॅमला टेकणाऱ्या नमद्याला तेलाचे एक-दोन थेंब द्यावेत. त्याहून जास्त तेल उडून पॉइंटवरच जाते.

फ्लायव्हील परत बसवण्याआधी शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचे भोक दोन्ही स्वच्छ पुसून पूर्ण कोरडे करावेत. तिथे तेल लावण्याचा मोह होतो, पण फ्लायव्हीलची पकड त्या कोरड्या निमुळत्या भागावरच असते. शाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्या खाचेत बसणारी छोटी चावी (धातूचा तुकडा) केवळ जागा दाखवण्यासाठी असते. तेल राहिले किंवा नट कमी आवळला तर फ्लायव्हील सरकते, चावी तुटते आणि ठिणगीची वेळ बिघडते. माझ्या इंजिनासाठी दुरुस्ती-पुस्तिकेत नटाचा टॉर्क ४० ते ४५ फूट-पौंड दिला आहे आणि मी तो टॉर्क रेंचनेच दिला. त्यानंतर दोरी लावण्याआधी हाताने फ्लायव्हील सावकाश फिरवून कान देऊन ऐकावे. काहीही घासल्याचा आवाज आला तर कॉइल बाहेर आलेली आहे.

प्लग चॅम्पियन जे६सी, फट ०.०३० इंच. ठिणगी तपासली तेव्हा दोन्ही सिलिंडरांवर ६ मिलिमीटरची फट निळ्या ठिणगीने भरली, आणि दोरी सावकाश ओढली तरी ती चुकत नव्हती. पिंपात पाणी भरून इंजिन त्यात बुडवले आणि पहिल्या ओढीला सुरू झाले. थंड पाणी फिरत राहावे म्हणून पिंपातले पाणी दोनदा बदलले आणि इंजिन सलग चाळीस मिनिटे चालवले, कारण मूळ दुखणे पंधरा मिनिटांनंतरचेच होते. मंद गतीत एकेक तार काढून पाहिली (रबरी मूठ असलेल्या पकडीने, आणि काढलेली तार लगेच अर्थला टेकवून). दोन्ही वेळा इंजिनाचा वेग सारखाच उतरला. दोन्ही सिलिंडर सारखे ओढत असल्याची यापेक्षा चांगली खूण नाही. इंजिनाचा तो दोन सुरांचा, एकसारखा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला आणि ते पिंपाजवळून हलवावेसे मला बराच वेळ वाटेना.

त्यानंतरच्या पन्नासेक तासांत इंजिन गरम होऊन एकदाही बंद पडलेले नाही. पावसात भिजल्यावर, रात्रभर उघड्यावर राहिल्यावर, आणि एकदा लाटेने वरून पुरते न्हाल्यावरही ठिणगी गेली नाही. जुन्या कॉइलच्या भेगांत ओल शिरून सकाळी सुरू व्हायला जो त्रास होई, तोही संपला. ज्यांच्या इंजिनात मूळ कॉइल अजून आहेत त्यांनी त्या बंद पडण्याची वाट न पाहता हा संच घ्यावा, असेच मी सांगेन. ज्यांच्या कॉइल मागे कधी बदललेल्या आहेत आणि आवरण एकसंध आहे, त्यांनी पूर्ण संचावर खर्च करण्याऐवजी आधी पॉइंट स्वच्छ करून आणि फट लावून पाहावे. ज्यांच्याकडे धारकता मोजणारा मीटर नाही त्यांनी संचाबरोबर तोही घ्यावा किंवा कोणाकडून तरी कंडेन्सर मोजून आणावेत.

पंचवीस तासांनंतर मी फ्लायव्हीलच्या वरच्या खिडकीतून पॉइंट पुन्हा पाहिले. दोन्ही जोड्यांची फट १७ थाऊंवर आली होती, कारण नवीन ठोकळा कॅमवर घासून बसेपर्यंत थोडा झिजतो. पृष्ठे मात्र करडी आणि स्वच्छ होती, काळपट डाग कुठेही नव्हता, म्हणजे जुने कंडेन्सर त्यांचे काम चोख करत होते. फट परत २० वर आणली. पन्नास तासांच्या तपासणीत ती दोन्हीकडे २० वरच होती.